अनेक फाइली, एक प्रोग्राम

प्रोग्राम कोणकोणत्या फाइलींपासून, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या अटींवर तयार करायचा याची नोंद ठेवणारी फाइल म्हणजे प्रोजेक्ट फाइल. तिच्यात प्रोग्रामची एकही ओळ सहसा नसते. सातबारा म्हणजे काही जमीन नव्हे. पण जमीन कोणाची, किती आणि तिच्यात काय पिकते हे त्यावरूनच कळते. प्रोजेक्ट फाइलीचे प्रोग्रामशी नाते तसेच आहे. प्रोग्राम लिहिणे, तपासणे आणि चालवणे ही कामे एकाच जागी करू देणाऱ्या सॉफ्टवेअरला आयडीई म्हणतात. टर्बो सी असो, व्हिज्युअल स्टुडिओ असो की अँड्रॉइड स्टुडिओ, प्रत्येक आयडीईला ही नोंद कुठे ना कुठे ठेवावीच लागते.

शिकाऊ प्रोग्राम एका फाइलीत मावतो. दोन संख्यांची बेरीज किंवा मूळ संख्यांची यादी यांसाठी दुसरी फाइल लागत नाही. खरे काम मात्र एका फाइलीत कोंबणे लवकरच अवघड होते. पतसंस्थेचा हिशेब ठेवणारा छोटासा सी प्रोग्राम घेतला, तरी पडद्यावरचा मेनू एका फाइलीत, खात्यांमधली जमा-नावे दुसरीत आणि व्याजाचे गणित तिसरीत अशी वाटणी सोयीची ठरते. त्या फाइलींना मेनू.सी, खाते.सी आणि व्याज.सी म्हणू. खात्याच्या नोंदीत कोणते रकाने आहेत हे तिन्हींना माहीत असावे लागते, म्हणून ते वर्णन खाते.एच या चौथ्या फाइलीत जाते. अशा फाइलीला हेडर म्हणतात.

सीचा कंपायलर एका वेळी एकच सोर्स फाइल पाहतो. मेनू.सी कंपाइल करताना व्याज.सी नावाची फाइल आहे याचा त्याला पत्ताही नसतो. प्रत्येक सोर्स फाइलीपासून तो एक ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि दुसऱ्या फाइलीतले फंक्शन जिथे वापरले असेल तिथे जागा मोकळी सोडून देतो. या मोकळ्या जागा भरण्याचे काम लिंकरचे. तिन्ही ऑब्जेक्ट फाइली आणि भाषेसोबत आलेल्या लायब्ररी जोडून तो चालवण्याजोगी फाइल तयार करतो. पण काय काय जोडायचे हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. फोल्डरमध्ये पडलेली प्रत्येक फाइल उचलून चालत नाही, कारण तिथे जुन्या प्रती, अर्धवट प्रयोग आणि भलत्याच प्रोग्रामच्या फाइलीही असतात. ही यादी सांगणे हे प्रोजेक्ट फाइलीचे पहिले काम. दुसरे काम म्हणजे मागच्या वेळेपासून काय बदलले ते पाहून तेवढेच पुन्हा कंपाइल करवणे. तीन फाइलींच्या प्रोग्रामला याची मातब्बरी वाटणार नाही. हजारो फाइलींचा प्रोग्राम प्रत्येक स्वल्पविरामासाठी मुळापासून कंपाइल करायचा तर दिवस त्यातच जाईल.

गंमत अशी की यातले दुसरे काम आधी मार्गी लागले, आणि तेही आयडीई रूढ होण्यापूर्वी. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्राम लिहिला. त्याला निमित्त झाले स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याचे. जॉन्सन हे ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते, म्हणजे नवखे नव्हेत. तरीही एका दुरुस्त प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. चूक त्यांनी आधीच काढून टाकली होती. ती फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती, त्यामुळे लिंकर जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडत होता. फेल्डमन यांनी त्यावर काढलेला उपाय साधा आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे मेकफाइल नावाच्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवायचे. बनलेली फाइल तिच्या मूळ फाइलींपैकी एकीहूनही जुनी असेल तर ती पुन्हा बनवायची, नसेल तर तिला हात लावायचा नाही. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

मेकफाइलीत आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. मोकळ्या जागा दिल्या तर मेक अडून बसतो. हा नियम अडचणीचा आहे हे फेल्डमन यांच्याही लवकरच लक्षात आले होते. पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून नियम तसाच राहिला. त्या डझनभरांच्या सोयीची किंमत जगभरचे प्रोग्रामर आजतागायत मोजत आहेत.

मेकफाइल हाताने लिहावी लागते आणि त्यासाठी तिची स्वतंत्र भाषा शिकावी लागते. आयडीईने ही नोंद मेनूमागे नेली. बोरलँड कंपनीने १९८३ साली टर्बो पास्कल हे आयडीई ४९.९५ डॉलर एवढ्या कमी किमतीत बाजारात आणले. त्याचा कंपायलर अँडर्स हेल्सबर्ग यांचा; डेल्फी, सी शार्प आणि टाइपस्क्रिप्ट यांच्या जडणघडणीतही पुढे त्यांचेच नाव येते. त्याच कंपनीचे टर्बो सी १९८७ साली आणि टर्बो सी++ १९९० साली आले. निळ्या पडद्याचे हे सॉफ्टवेअर महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी, पदविका आणि बीसीएच्या वर्गांत इतके मुरले की मूळ कंपनीने ते मागे सोडल्यावरही प्रॅक्टिकलला तेच चालू राहिले. ६४ बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गुंडाळून का होईना, पण चालू राहिले. तरीही त्यातला प्रोजेक्ट हा मेनू हजारो विद्यार्थ्यांनी कधी उघडलाच नाही. जर्नलमधला प्रत्येक प्रोग्राम एका फाइलीत संपत होता आणि कंट्रोल-एफ९ दाबले की चालत होता.

पतसंस्थेचा प्रोग्राम याच टर्बो सी++मध्ये प्रोजेक्टशिवाय चालवून पाहिला तर आयडीई समोर उघडी असलेली फाइलच तेवढी कंपाइल आणि लिंक करते. मेनू.सी समोर असेल तर लिंकर व्याज काढणाऱ्या फंक्शनच्या नावाने ‘अनडिफाइन्ड सिंबॉल’ असा एरर देतो: फंक्शनला हाक आहे, फंक्शन मात्र सापडत नाही. व्याज.सी समोर असेल तर तक्रार उलटी. मेन हे फंक्शनच नाही, मग प्रोग्राम सुरू कुठून करायचा? हा एरर ‘अंडरस्कोअर मेन, मॉड्यूल सी-झिरो’ अशा शब्दांत येतो. त्या नावाची फाइल विद्यार्थ्याने लिहिलेली नसल्याने तो गोंधळतो. ती बोरलँडची आरंभ करून देणारी फाइल असते आणि प्रत्येक प्रोग्रामला मुकाट्याने जोडली जाते. दोन्ही एरर सोर्समधल्या चुकीचे नाहीत. यादी अपुरी असल्याचे ते चिन्ह आहे. अनेक जण यावर पळवाट काढतात ती इन्क्लूडची: मेनू.सीच्या डोक्यावर व्याज.सी ही फाइलच इन्क्लूड करून टाकायची. प्रोग्राम चालतो, पण तीन फाइलींचा मजकूर एकत्र येऊन पुन्हा एकच फाइल तयार होते आणि वाटणीचा सगळा फायदा जातो.

योग्य मार्ग लांबचा नाही. प्रोजेक्ट मेनूतून ‘ओपन प्रोजेक्ट’ निवडून पतसंस्थेच्या प्रोजेक्टला नाव द्यायचे. डॉसमध्ये ते आठ अक्षरांत बसवावे लागते आणि फाइलीला पीआरजे हे शेपूट लागते. खाली प्रोजेक्टची खिडकी उघडते. तिच्यात इन्सर्टची कळ दाबून तिन्ही सोर्स फाइली घालायच्या, नको असलेली डिलीटने काढायची. खाते.एच यादीत घालायची नसते. हेडर स्वतंत्रपणे कंपाइल होत नाही, ती इतर फाइलींमधून आत ओढली जाते, आणि कोणत्या सोर्सने कोणती हेडर ओढली याची नोंद आयडीई स्वतः ठेवते. यानंतर एफ९ दाबले की समोर कोणतीही फाइल उघडी असो, पूर्ण प्रोजेक्ट तयार होतो. व्याज.सीमधला दर बदलला तर फक्त तीच फाइल पुन्हा कंपाइल होते; खाते.एचमध्ये एक रकाना वाढवला तर तिन्ही होतात. ‘बिल्ड ऑल’ ही आज्ञा मात्र काहीही न तपासता सगळे मुळापासून करते.

नवशिक्यांना चक्रावणारी एक गोष्ट इथे येते. प्रोजेक्ट उघडा ठेवून दुसराच प्रोग्राम लिहायला घेतला आणि कंट्रोल-एफ९ दाबले, तर चालतो तो मागचा प्रोजेक्ट. समोर फॅक्टोरियलचा प्रोग्राम आणि पडद्यावर पतसंस्थेचा मेनू! ‘क्लोज प्रोजेक्ट’ केले की हा चमत्कार थांबतो. दुसरी अडचण घड्याळाची. फाइल बदलली की नाही हे ठरते तिच्यावरच्या वेळेवरून. जुन्या पीसीमधली घड्याळाची छोटी बॅटरी संपली की यंत्राची तारीख १ जानेवारी १९८० वर जात असे, कारण डॉसचे कॅलेंडर तिथूनच सुरू होते. मग नुकतीच दुरुस्त केलेली सोर्स फाइल काल बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा ‘जुनी’ ठरायची आणि दुरुस्ती प्रोग्राममध्ये उतरायचीच नाही. अशा वेळी ‘बिल्ड ऑल’ हाच उपाय असे. दोन संगणकांच्या घड्याळांत फरक असताना नेटवर्कवरच्या फाइलींवर काम केले तर हीच गडबड आजही होऊ शकते.

फाइलींच्या यादीइतकेच महत्त्वाचे असतात पर्याय. प्रोग्राम कोणत्या मेमरी मॉडेलमध्ये कंपाइल करायचा, कोणत्या लायब्ररी जोडायच्या, हेडर कुठे शोधायच्या, इशारे किती कडक हवेत, हे सगळे कंपायलरला सांगावे लागते. टर्बो सीमध्ये वर्तुळे आणि आयत काढणारा ग्राफिक्सचा प्रोग्राम एका संगणकावर चालतो आणि शेजारच्यावर लिंकर अडतो, याचे नेहमीचे कारण म्हणजे शेजारी लिंकरच्या पर्यायांमध्ये ग्राफिक्स लायब्ररीवर खूण केलेली नसते. पर्याय प्रोजेक्ट फाइलीत जपलेले असले तर ते प्रोग्रामबरोबर प्रवास करतात. नुसत्या आयडीईत राहिले तर त्या एका संगणकापुरते उरतात.

म्हणून प्रोजेक्ट फाइलीत काय असावे याहून काय नसावे हा प्रश्न मोठा आहे, आणि आयडीई बनवणाऱ्यांना त्याचे उत्तर सापडायला बरीच वर्षे लागली. प्रोग्रामरने कोणत्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, कर्सर कुठे होता, ही माहिती उपयोगाची असते; पण ती प्रोग्रामची नसून माणसाची असते. टर्बो सी++ने तिच्यासाठी डीएसके ही वेगळी फाइल केली, हे शहाणपणाचे झाले. मात्र त्याच वेळी एक पाऊल मागेही पडले. टर्बो सी २.० मधली पीआरजे फाइल साध्या मजकुराची होती. ओळीला एक फाइल आणि ती कोणत्या हेडरवर अवलंबून आहे ते कंसात, एवढीच तिची रचना, कोणालाही वाचता येईल अशी. टर्बो सी++ने ती बायनरी केली. जुनी पीआरजे नव्यात आणायला आणि नव्या पीआरजेपासून मेकफाइल काढायला बोरलँडला वेगळे छोटे प्रोग्राम सोबत द्यावे लागले. आयडीईशिवाय न वाचता येणारी प्रोजेक्ट फाइल आयडीईबरोबरच निकामी होते.

मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिकची व्हीबीपी फाइल नोटपॅडमध्येही उघडत असे. एक्झी बनवायची की लायब्ररी, फॉर्म कोणते, मॉड्यूल कोणते, सुरुवात कुठून, हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले सापडते. खिडक्यांची मांडणी शेजारच्या व्हीबीडब्ल्यू फाइलीत असायची. ती पुसली गेली तरी प्रोग्रामचे काही बिघडत नसे. व्हीबीपीची दुखरी जागा वेगळी होती. बाहेरून आणलेल्या बटण-तक्त्यांच्या घटकांचा उल्लेख व्हीबीपीमध्ये आवृत्तीसह होई आणि तो घटक दुसऱ्या संगणकावर बसवलेला नसला की प्रोजेक्ट उघडतानाच तक्रार सुरू होई. बोरलँडच्या डेल्फीने १९९५ साली आणखी निराळी वाट धरली. तिथली डीपीआर ही प्रोजेक्ट फाइल म्हणजे पास्कलमधला खराखुरा मुख्य प्रोग्रामच, आणि वापरलेल्या युनिटांची यादी भाषेच्याच नियमाने त्यात येते.

प्रोग्राम मोठे होत गेले तसा एक प्रोजेक्टही पुरेना. हिशेबाची लायब्ररी वेगळी, पडद्यावरचा भाग वेगळा, चाचण्या वेगळ्या. व्हिज्युअल स्टुडिओत अशा प्रोजेक्टच्या समूहाला सोल्यूशन म्हणतात. त्याची एसएलएन फाइल आतले प्रोजेक्ट आणि त्यांच्या बांधणीचे प्रकार नोंदवते. प्रत्यक्ष फाइली आणि पर्याय प्रत्येक प्रोजेक्टच्या स्वतःच्या फाइलीत राहतात, सी शार्पसाठी सीएसप्रोज नावाच्या. बांधणीचे दोन प्रकार तयारच मिळतात. डीबगमध्ये चूक शोधायला सोपे जावे म्हणून कंपायलर जास्तीची माहिती ठेवतो आणि वेग वाढवण्याच्या भानगडीत पडत नाही. रिलीजमध्ये नेमके उलटे. ग्राहकाला चुकून डीबगची प्रत जाणे हा या दोन प्रकारांमधला जुना अपघात आहे.

सीएसप्रोज फाइली २००५ च्या व्हिज्युअल स्टुडिओपासून एमएसबिल्ड या बांधणी करणाऱ्या साधनाच्या भाषेत लिहिल्या जातात. या बदलाचे महत्त्व नावावरून कळत नाही. प्रोजेक्ट फाइल आता फक्त आयडीईची खासगी वही राहिली नाही. आयडीई न उघडता, रात्री एखाद्या सर्व्हरवर, माणसाच्या मदतीशिवाय त्याच फाइलीवरून प्रोग्राम तयार करता येऊ लागला. आज बहुतेक कंपन्यांत कोणीही केलेला बदल सामायिक साठ्यात पोहोचला की सर्व्हर लगेच सगळा प्रोग्राम बांधून चाचण्या चालवतो. त्या सर्व्हरला मेनू दिसत नाही. त्याला फक्त प्रोजेक्ट फाइल दिसते.

फाइल आणि तिचा यादीतला उल्लेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरल्याने रोजच्या कामात सर्वाधिक घोळ होतात. फाइलीचे नाव आयडीईबाहेर बदलले तर यादीतला उल्लेख जुनाच राहतो. अ‍ॅपलचा आयडीई एक्सकोड अशा हरवलेल्या फाइलीचे नाव तांबड्या अक्षरांत दाखवतो, व्हिज्युअल स्टुडिओ तिच्यापुढे पिवळा त्रिकोण काढतो. नाव बदलायचे किंवा फाइल हलवायची तर ती आयडीईतूनच हलवावी. काढून टाकतानाही पर्याय वाचून निवडावा. व्हिज्युअल स्टुडिओतला ‘एक्स्क्लूड फ्रॉम प्रोजेक्ट’ आणि एक्सकोडमधला ‘रिमूव्ह रेफरन्स’ फक्त उल्लेख काढतात, फाइल डिस्कवर जागेवरच राहते. ‘डिलीट’ किंवा ‘मूव्ह टू ट्रॅश’ फाइलच उचलतात.

यादीत फाइलींचा पत्ता कसा लिहिला आहे यावर प्रोजेक्टचा प्रवास अवलंबून असतो. सी ड्राइव्हपासून सुरू होणारा, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमधून जाणारा पूर्ण पत्ता त्या एका संगणकावरच खरा असतो. ‘प्रोजेक्ट फाइल जिथे आहे तिथून एक पायरी वर, मग लायब्ररीच्या फोल्डरमध्ये’ असा सापेक्ष पत्ता सगळीकडे चालतो. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये पडदा चित्रांसाठी तयार करणाऱ्या इनिटग्राफ या फंक्शनला दिलेला, ड्रायव्हर फाइलींच्या बीजीआय फोल्डरचा पूर्ण पत्ता हा याच चुकीचा महाराष्ट्रातल्या लॅबमध्ये सगळ्यांनी पाहिलेला नमुना: एका संगणकावर टर्बो सी एका फोल्डरमध्ये, दुसऱ्यावर दुसऱ्या नावाच्या, आणि परीक्षेत पत्ता बदलायचे सुचले नाही की वर्तुळ उमटत नाही. विंडोज फाइलींच्या नावांत लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानत नाही, लिनक्स मानते. म्हणून घरच्या लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट सर्व्हरवर ‘फाइल नाही’ म्हणून थांबतो. मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रोजेक्टच्या फोल्डरच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे आली तर विंडोजवर अँड्रॉइडची बांधणी इशारा देऊन थांबते. तो इशारा बंद करण्याची सोय आहे, पण मागची सगळी साधने त्या पत्त्याशी नीट वागतील याची हमी मिळत नाही. प्रोग्राममधला मजकूर खुशाल मराठी असावा. फोल्डरचे नाव मात्र रोमन, आखूड आणि मोकळ्या जागेविना ठेवलेले बरे.

एकाच प्रोजेक्टवर अनेक जण काम करू लागले की प्रोजेक्ट फाइल भांडणाचे मूळ होते. गिटसारखी साधने दोघांचे बदल ओळीओळीने जुळवतात. सोर्स फाइलीत दोघे सहसा वेगवेगळ्या जागी लिहितात, पण नवी फाइल कोणीही वाढवली तरी प्रोजेक्ट फाइल बदलतेच. एक्सकोडची पीबीएक्सप्रोज या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. एक सोर्स फाइल वाढवली की तिच्या वेगवेगळ्या विभागांत मिळून चार नोंदी होतात, आणि प्रत्येक वस्तूची ओळख सोळाच्या पायातल्या चोवीस अंकांची. दोघांच्या नोंदी एकमेकींवर आल्या की त्या हाताने सोडवणे हे डोळ्यांना आणि संयमाला त्रास देणारे काम आहे. म्हणून काही चमू ही फाइल सामायिक साठ्यात ठेवतच नाहीत; एका छोट्या वर्णनावरून ती दर वेळी नव्याने तयार करतात. सीमेक हे २००० च्या सुमारास किटवेअर कंपनीने सुरू केलेले साधन हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. एका वर्णनावरून ते विंडोजसाठी व्हिज्युअल स्टुडिओचे, मॅकसाठी एक्सकोडचे प्रोजेक्ट आणि लिनक्ससाठी मेकफाइल काढून देते.

दुसरा मार्ग यादीच लहान करण्याचा. २०१७ च्या व्हिज्युअल स्टुडिओपासून नव्या धर्तीच्या सीएसप्रोजमध्ये प्रत्येक सोर्स फाइलीचे नाव लिहावे लागत नाही. फोल्डरमधल्या सगळ्या सी शार्प फाइली आपोआप धरल्या जातात आणि पूर्ण फाइल दहाबारा ओळींत आटोपते. जावाच्या जगात मेव्हन या बांधणीच्या साधनाने आधीच असा शिरस्ता पाडला होता, की सोर्स ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, मग सांगावे लागणार नाही. अर्डुइनोमध्ये तर वेगळी यादीच नाही. फोल्डर आणि त्यातली मुख्य स्केच फाइल यांचे नाव एक असले की झाले. २०१५ साली आलेला मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर फोल्डर उघडतो आणि त्यालाच प्रोजेक्ट मानतो. आयडीईचे पर्याय त्यातल्या एका छोट्या उपफोल्डरमध्ये राहतात, प्रोग्रामची खरी नोंद मात्र त्या त्या भाषेच्या फाइलीत असते, जसे जावास्क्रिप्टसाठी पॅकेज.जेसन. नोंद आयडीईकडून भाषेकडे गेल्याचा फायदा असा, की चमूतला प्रत्येक जण आपल्या आवडीचा एडिटर वापरू शकतो. यादी नसण्याला किंमतही आहे. फोल्डरमध्ये विसरलेली जुनी प्रतही मग प्रोग्रामचा भाग होते आणि एकाच नावाचे फंक्शन दोनदा सापडल्याची तक्रार येते.

प्रोजेक्ट फाइल निरुपद्रवी यादी आहे हा समज मात्र सोडायला हवा. बांधणीच्या आधी किंवा नंतर एखादी आज्ञा चालवण्याची सोय तिच्यात असते, आणि ती आज्ञा काहीही करू शकते. जानेवारी २०२१ मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने उत्तर कोरियाशी जोडलेल्या हल्लेखोरांची एक युक्ती उघड केली. सुरक्षा संशोधकांशी ओळख वाढवून, एकत्र संशोधन करू म्हणत, त्यांना व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट पाठवला जाई. सोर्समध्ये संशय घ्यावा असे काही नसे. बांधणीच्या आज्ञेत मात्र घातक फाइल चालवण्याची सोय केलेली असे. प्रोग्राम चालवण्याची वेळच येत नसे, बांधणी सुरू केली की काम फत्ते. व्हीएस कोडने त्याच वर्षी अनोळखी फोल्डर उघडताना ‘याच्यावर विश्वास आहे का’ असे विचारायला सुरुवात केली. त्या प्रश्नाला सवयीने ‘हो’ म्हणणे म्हणजे तो प्रश्न नसल्यासारखेच आहे.

प्रोजेक्ट दुसऱ्याच्या हाती देताना काय द्यावे, याचा निकष आता बराच ठरला आहे. सोर्स, हेडर, प्रोजेक्ट फाइल आणि बाहेरच्या लायब्ररींच्या आवृत्ती पक्क्या करणारी लॉक फाइल द्यावी. ऑब्जेक्ट फाइली, बिन आणि ओबीजे नावांचे फोल्डर, व्हिज्युअल स्टुडिओचा व्हीएस फोल्डर, एक्सकोडचा वापरकर्त्यापुरता डेटा, अँड्रॉइडची लोकल.प्रॉपर्टीज फाइल, यांपैकी काहीही देऊ नये. ते एक तर पुन्हा तयार होते किंवा दुसऱ्याच्या संगणकावर खोटे ठरते. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या सबमिशनमध्ये शेकडो मेगाबाइटची झिप फाइल येते ती बहुधा याच गाळामुळे, आणि तिच्यात नेमकी प्रोजेक्ट फाइलच राहून गेलेली असते.

देण्यापूर्वीची तपासणी पाच मिनिटांची आहे. निवडलेल्या तेवढ्याच फाइली वेगळ्या नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, जमल्यास दुसऱ्या संगणकावर, उतरवून घ्याव्यात आणि तिथे सगळे मुळापासून बांधून पाहावे. राहिलेली फाइल, पूर्ण पत्ता, न बसवलेली लायब्ररी, फक्त आयडीईत राहिलेला पर्याय, या चारही चुका तिथेच उघड्या पडतात. डेटाबेसचा पासवर्ड फाइलीत लिहून ठेवला असेल तर तो मात्र या तपासणीत सापडत नाही, कारण त्याच्यामुळे प्रोग्राम व्यवस्थित चालतो. तो स्वतः शोधून काढावा.